पिस्तूल घ्यायचंय? आधी एसटीचं तिकीट मोजा

मुलीने किंवा मुलाने पिस्तूल नेमबाजीचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं घ्यायचं?’ खरं तर तो तिसरा प्रश्न. पहिला, कोणत्या प्रकारात खेळायचं. दुसरा, सराव कुठे आणि आठवड्यातून किती वेळा. या दोन्हींची उत्तरं हातात नसताना जो दुकानात शिरतो, तो दीड-दोन लाख मोजून बाहेर पडतो आणि सहा महिन्यांनी ते पिस्तूल कपाटात जातं. पुण्या-मुंबईच्या पालकाला जो सल्ला देतात, तो फर्दापूर, सोयगाव, अजिंठा, शिवना या पट्ट्यात जसाच्या तसा चालत नाही. कारण रस्ता. संभाजीनगर शंभरेक किलोमीटर, जळगाव साठेक. हिशेब तिथूनच सुरू करावा लागतो.

खालचे दर ढोबळ धरा. चांगली पिस्तुलं बाहेरून येतात. युरोचा भाव हलला की किंमत हलते. खरेदीच्या वेळी निदान तीन विक्रेत्यांकडून लेखी कोटेशन घ्या, त्यात जीएसटी आणि वाहतूक धरली आहे का ते विचारा.

प्रकार आधी ठरवा

नवख्यासाठी प्रकार एकच: १० मीटर एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, दाबलेल्या हवेवर चालणारं हत्यार, उभं राहून एका हाताने नेम. सामन्यात ७५ मिनिटांत ६० फैरी. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात कांस्य घेतलं, आणि सरबज्योत सिंगसोबत मिश्र सांघिकमध्ये दुसरं.

पुढचा टप्पा २५ मीटरचा. तिथे .२२ ची काडतुसं, म्हणजे अग्निशस्त्र. परवाना, पोलिस चौकशी, लोखंडी कपाट हे सगळं आलं. कोल्हापूरची राही सरनोबत याच २५ मीटर पिस्तुलात २०१३ साली चांगवोनच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकली, २०१८ च्या आशियाई खेळांतही. पण .२२ कडे वळायचं ते एअर पिस्तुलात गुण स्थिरावल्यावर. ५० मीटर पिस्तूल ऑलिंपिकमधून गेलं आहे. त्यासाठी सुरुवातीला एक रुपयाही खर्चू नका.

मोबाइलवर दिसतं ते वेगळं

मुलं दाखवतात तो प्रकार बहुतेकदा निराळा असतो: कमरेला पट्टा, पळत जाऊन आडोशाआडून पुठ्ठ्याच्या आणि लोखंडी टार्गेटवर दणादण गोळ्या. ही ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजी. आयपीएससी ही तिची जागतिक संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिथे पिस्तुलांचे गट असतात: ओपन, स्टँडर्ड, क्लासिक, प्रॉडक्शन, प्रॉडक्शन ऑप्टिक्स, रिव्हॉल्व्हर. नेम आणि वेळ दोन्ही मोजतात. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद.

भारतात ही वाट सामान्य माणसाला बंदच आहे असं समजा. त्या खेळाचं नेहमीचं काडतूस ९ मिलिमीटरचं, आणि आपल्याकडे ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं; साध्या परवान्यावर मिळत नाही. ‘मग .३२ घेऊन खेळू,’ असं कुणी सुचवेल. गणित करून पाहा. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले तिचा वेग फूट प्रति सेकंद, भागिले हजार. हा आकडा किमान १२५ लागतो. .३२ पिस्तुलाची गोळी ७१ ग्रेनची, वेग नऊशेच्या आसपास. उत्तर येतं ६४. म्हणजे निम्म्यावर अडकलात.

तुमचा भाऊ किंवा मुलगी अमेरिकेत असेल, तिथल्या क्लबात जात असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांना एवढंच सांगा: सुरुवात प्रॉडक्शन गटापासून. कंपनीने विकलेलं पिस्तूल जवळपास तसंच वापरायचं असतं, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. ओपन गटातलं दुर्बिणीचं, नळीला झटका कमी करणारा भाग जोडलेलं पिस्तूल म्हणजे पैशांची स्पर्धा. आणि तिथलं पिस्तूल ‘येताना घेऊन ये’ म्हणू नका; विमानतळावर कस्टम्स आणि शस्त्र कायदा दोन्ही वाट पाहत असतात.

परवाना लागतो का?

४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. सामन्याच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या बरीच खाली. विक्रेता तरीही आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि फोटो मागतो. द्या, आणि बदल्यात अनुक्रमांक लिहिलेलं पक्कं बिल घ्या. अनुक्रमांक नसलेलं बिल घेऊ नका. एसटीत, रेल्वेत, रेंजच्या दारात कुणी विचारलं तर तुमच्या हातात तोच एक कागद असतो. प्रवासात पिस्तूल पेटीत, रिकामं, बिलाची प्रत पेटीतच.

फर्दापूरकरांनी दोन गोष्टी जास्त पाळायच्या. टी पॉइंटवरून अजिंठा लेणीकडे जाताना ही पेटी सोबत नको. तपासणीत अडकाल आणि दिवस जाईल. दुसरं, शेतात किंवा लेणीच्या बाजूच्या रानात ‘जरा हात साफ करू’ म्हणून पाखरांवर, माकडांवर छर्रा मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. मोरावर मारलात तर तुरुंगाचीच तयारी ठेवा. एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही म्हणजे कुठेही चालवायला मोकळीक आहे, असं नव्हे.

रेंज कुठे, कागद कोणते

संभाजीनगरला गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात जा, क्रीडा खात्याच्या कार्यालयात तीन प्रश्न विचारा. जिल्हा रायफल संघटनेशी संलग्न रेंज कोणत्या? शालेय स्पर्धेची नोंदणी कधी? क्लबचं पिस्तूल नवख्याला वापरायला मिळतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो क्लब तुमच्यासाठी नाही. पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून पाहा: एका प्रशिक्षकामागे किती मुलं, किती लेन चालू, आणि मुलांच्या हातात पिस्तुलं कोणाची.

जळगाव जवळ पडतं, तिथेही चौकशी करा. सराव एका जिल्ह्यात आणि नाव दुसऱ्या जिल्ह्याकडून, असं करायचं असेल तर दोन्हीकडच्या संघटनांना आधीच विचारून घ्या. अर्ज भरायच्या दिवशी हा घोळ निस्तरत नाही.

कागद साधे: मुलाचं आधार, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, फोटो, पालकांचं संमतिपत्र. काही क्लब पालकांचा चारित्र्यदाखला मागतात. सगळ्याच्या पाच-पाच प्रती सिल्लोडला उतरून काढून ठेवा, पुढे वर्षभर लागतात. स्पर्धेची शिडी जिल्हा, राज्य, विभाग, मग मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय अशी. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, ग. वा. मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष. स्पर्धेला नाव त्यांचंच. वरच्या पायऱ्यांवर राष्ट्रीय संघटनेचं ओळखपत्र लागतं, ते वेळेत काढा.

क्लबचं शुल्क महिन्याला दोन ते पाच हजार धरा. विचारायचं ते पुढे: प्रवेश शुल्क वेगळं का? कागदी टार्गेटचे पैसे कोण देणार? इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या लेनला जास्त दर आहे का? सिलिंडर भरायचे पैसे? मुलगा परीक्षेमुळे महिनाभर आला नाही तर? पावतीवर यातलं काहीच नसतं, म्हणून लिहून घ्या.

आता पिस्तूल

बाजारात चार थर आहेत.

सगळ्यात खालचा, पाच-दहा हजारांचं स्प्रिंगचं पिस्तूल. दिसायला झकास, नेमबाजीला निरुपयोगी. चाप ओढताना आतलं वजन पुढे धावतं आणि नळी हलते. शिकवण्याऐवजी वाईट सवय लावतं. घेऊ नका.

दुसरा, एका झटक्यात हवा भरणारं, म्हणजे सिंगल स्ट्रोक. तरफ एकदा ओढायची, एक फैर. सिलिंडर नको, पंप नको, भरायला शहरात जायला नको. गावात राहणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय. दोष एकच: तरफ ओढायला जोर लागतो. बारा वर्षांची सडपातळ मुलगी साठ वेळा ओढून दमते, आणि दमलेल्या हाताने नेम बसत नाही. पंधरा-सोळाच्या पुढच्या मुलांना चालतं. पंधरा हजारांपासून साठ हजारांपर्यंत मिळतात. स्वस्तातली खेळण्याच्या अंगाने जातात, म्हणून चापाचं वजन आणि साईट हलवायची सोय पाहूनच घ्या.

तिसरा थर क्लब दर्जाचं, सिलिंडरवर चालणारं. साठ हजार ते एक लाख. जिल्हा आणि राज्य पातळीपर्यंत या पिस्तुलामुळे कुणाचे गुण अडत नाहीत. विक्रेता मात्र अडतात असं सांगेल.

चौथा, मॅच दर्जा: मोरिनी, स्टायर, वाल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाउ. दीड ते अडीच लाख. या पाचांत कोणतं चांगलं यावर रेंजवर तासन् तास वाद चालतात. तुमच्या कामाचं उत्तर एका ओळीचं आहे: ज्याची ग्रिप हातात बसते ते, आणि ज्याचे सुटे भाग व दुरुस्ती महाराष्ट्रात मिळते ते.

ग्रिपवर थोडं थांबू या, कारण पैसे इथेच वाया जातात. ग्रिप लाकडी असते, छोटी-मध्यम-मोठी अशा मापांत, डाव्या-उजव्या हाताची वेगळी. दुकानात पिस्तूल हातात द्यायला सांगा. मुलाला डोळे मिटून हात वर करू द्या, मग डोळे उघडू द्या. पुढची आणि मागची साईट आपोआप एका रेषेत आली तर ग्रिप जमली. मनगट वळवून रेषेत आणावी लागली तर नाही जमली. तर्जनी चापाला टोकाच्या पेराच्या मध्यावर लागली पाहिजे, आणि लाकडाला बाजूने घासता कामा नये. तळहाताखालची पट्टी वरखाली सरकते का पाहा. वाढत्या वयाच्या मुलाला दोन वर्षांत ग्रिप लहान पडते; नवी बारा ते वीस हजारांना. हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. उलट, मोठी ग्रिप आत्ताच घेऊन ‘हात वाढेल’ म्हणणं हा दिवाळीच्या कपड्यांचा हिशेब झाला, इथे चालत नाही.

वजन दुसरी गोष्ट. नियमाने पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेक मॅच पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. लहान मुलांसाठी आखूड नळीची, हलकी मॉडेल मिळतात. पिस्तूल हातभर लांब धरून मुलाला एक मिनिट उभं करा. खांदा उचलला जायला लागला, तर ते जड आहे.

चाप यांत्रिक घ्यायचा की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक गुळगुळीत असतो, वीस-तीस हजारांनी महाग पडतो, आणि त्यात बॅटरी आणि सर्किट आलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बारावी राहिली आणि अंतिम फेरी हुकली. तिथे तिच्यासोबत प्रशिक्षक होते, राखीव पिस्तूलही होतं. तुमच्याकडे फर्दापुरात यातलं काय असणार? यांत्रिक घ्या. बिघडला तरी स्क्रू फिरवून मार्गी लागतो.

चापाचं किमान वजन ५०० ग्रॅम. सामन्याआधी तपासणीत अधिकारी अर्धा किलोचं वजन चापाला अडकवतात आणि नळी उभी ठेवून पिस्तूल सरळ वर उचलतात. वजन टेबलावरून सुटलं आणि चाप दबला नाही, तर पास. दबला तर दुरुस्त करून पुन्हा रांगेत. म्हणून घरी ५०० वर नेमकं न ठेवता थोडं वर ठेवा. स्प्रिंग वापराने सैल पडते.

जुनं घेताना

जुनं मॅच पिस्तूल ही गावाकडच्या पालकासाठी सर्वांत चांगली खरेदी ठरू शकते. ऐंशी हजार ते सव्वा लाखात चांगलं पिस्तूल मिळतं. दोन वर्षांनी जवळजवळ त्याच भावाला जातं. पण सिलिंडरवरची तारीख वाचा. हवेच्या सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि सामन्यात मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही. तारीख धातूवर कोरलेली असते, वर्ष आणि महिना. विकणारा ‘अजून छान चालतो’ म्हणेल. चालतही असेल, पण तपासणीत बाद होईल. नवा सिलिंडर पंधरा ते पंचवीस हजार. तेवढे भावातून कमी करून घ्या. भरलेला सिलिंडर रात्रभर ठेवून सकाळी दाबाचा काटा पाहा. खाली आला असेल तर वॉशर गेलेत.

कार्बन डाय ऑक्साइडवर चालणारं जुनं पिस्तूल तीस हजारांत मिळतंय म्हणून उडी मारू नका. तो वायू तापमानाबरोबर फुगतो आणि आकसतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत आणि जानेवारीच्या पहाटे एकच पिस्तूल दोन निराळ्या ठिकाणी मारतं. शिवाय वायू भरून देणारा शोधत फिरावं लागतं.

व्यवहार कागदावर करा: दोघांची नावं, आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, पिस्तुलाचा अनुक्रमांक, रक्कम, तारीख, आणि मूळ बिलाची प्रत.

लपलेले खर्च

सिलिंडर २०० बारपर्यंत भरतो आणि दीडशेच्या पुढे फैरी देतो. रोज साठ-ऐंशी फैरी मारल्या तर दुसऱ्या दिवशी भरायला हवा. रेंजवर मोठ्या टाकीतून भरून मिळतो. घरी हातपंप लागतो, दहा ते वीस हजारांचा, आणि तो मारायचा मोठ्या माणसाने. पावसाळ्यात पंपातून ओलावा आत जातो. गाळणीचा पंप घ्या, थोडं महाग पडलं तरी. दोन सिलिंडर असले तर चारेक दिवस रेंजकडे जायला नको. भरलेला सिलिंडर उन्हात गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका.

छर्रे ५०० च्या डबीत येतात. सरावाचे देशी तीनशे रुपयांच्या आसपास, आयात मॅच छर्रे हजार ते चौदाशे. महिन्याला दोन हजार फैरी म्हणजे चार डब्या: देशी बाराशे, आयात चार हजारांच्या वर. सराव देशीवर, सामन्याआधीचे पंधरा दिवस आणि सामना आयातवर. छर्रा चपट्या तोंडाचाच हवा. टोकदार छर्ऱ्याने कागदाला स्वच्छ भोक पडत नाही आणि गुण मोजताना भांडण होतं.

पहिल्या वर्षी टाळायच्या वस्तू: नेमबाजीचा चष्मा दहा-पंचवीस हजारांचा, खास बूट सहा-पंधरा हजारांचे. डोळा झाकायला पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी चष्म्याला लावली की झालं. बूट सपाट तळाचे, घोटा न झाकणारे असले की पुरे. घोट्यावर जाणारे नियमातही बसत नाहीत. नंबरचा चष्मा असेल तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरला सांगा की साईट हातभर अंतरावर स्पष्ट दिसायला हवी. हे काम पाचशे रुपयांत होतं आणि पाच गुण देऊन जातं.

स्पर्धांचे प्रवेश पाचशेपासून तीन हजारांपर्यंत, त्यावर पुणे-मुंबईचा प्रवास आणि मुक्काम. राज्य स्पर्धेची एक खेप पालकासह आठ-दहा हजारांना पडते. वर्षाला दोन धरा.

महिन्याचा हिशेब, फर्दापूरहून

साध्या एसटीचं संभाजीनगरपर्यंतचं तिकीट पावणेदोनशेच्या घरात. महिलांना निम्मं लागतं, म्हणजे मुलगी नव्वदेक रुपयांत जाते. शाळेचा पास इथे चालत नाही, तो शाळेच्या मार्गापुरता. वडील आणि मुलगी एकदा जाऊन आले की ५३० रुपये. आई सोबत गेली तर ३६०. आठवड्याला दोन खेपा म्हणजे महिन्याला वडिलांसोबत ४,२४० रुपये, आईसोबत २,८८०. त्यावर क्लबचे २,५०० आणि छर्ऱ्यांचे १,२००. एकूण आठ हजारांच्या आसपास, वर्षाला पंचाण्णव हजार, आणि यात पिस्तूल नाहीच. वडिलांचा दर आठवड्याचा दोन दिवसांचा खाडाही धरलेला नाही. कापूस वेचणीच्या किंवा मका काढणीच्या दिवसांत तो खाडा तिकिटाहून भारी पडतो.

म्हणून शहरातल्या पालकाला ‘वर्षभर विकत घेऊ नका’ सांगतात ते तुमच्यासाठी बरोबर नाही. तुमची वाट अशी: पहिले तीन महिने आठवड्याला दोनदा, क्लबच्या पिस्तुलावर. या काळात उभं राहणं, श्वास, चाप आणि सुरक्षेचे नियम पक्के होतात, आणि मुलाची हौस टिकते का तेही कळतं. टिकली तर क्लब दर्जाचं किंवा जुनं मॅच पिस्तूल घ्या आणि रेंज आठवड्याला एकदाच करा. प्रवासातच वर्षाला पंचवीस हजार वाचतात.

घरी दहा मीटर सरळ जागा लागते: ओसरीपासून मागच्या भिंतीपर्यंत, किंवा गोठ्याशेजारचं शेड. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच. मागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, तिच्यामागे पक्की भिंत. बाजूला दार असेल तर सरावाच्या वेळी आतून कडी. लहान पोर कधी डोकावेल सांगता येत नाही. टार्गेटवर चांगला एलईडी दिवा सोडा, नेमबाजाच्या डोळ्यांवर नको. जागा पाच मीटरच असेल तर टार्गेट निम्म्या आकाराचं छापून घ्या. आणि कोरा सराव, म्हणजे छर्ऱ्याशिवाय चाप ओढणं, फुकट आहे. बहुतेक मॅच पिस्तुलांत त्याची सोय असते. लाइट गेली तरी बॅटरीच्या उजेडात भिंतीवरच्या पांढऱ्या कागदाकडे तो करता येतो.

.२२ कडे वळायचं झालं तर

परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं. त्याआधी क्लबच्या हत्यारावर, देखरेखीखाली सराव करता येतो. कनिष्ठ नेमबाजांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, तिचा अर्ज संघटनेच्या शिफारशीनेच पुढे जातो. अर्ज ऑनलाइन, केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर. फर्दापूर ग्रामीण हद्दीत येतं, त्यामुळे परवाना देणार जिल्हाधिकारी. शहर हद्दीत राहणाऱ्यांचा पोलिस आयुक्त. चौकशी फर्दापूर पोलिस ठाण्यातून.

सोबत लागतं: आधार, पॅन, जन्माचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि संघटनेचं शिफारसपत्र स्पर्धांच्या गुणांसह. पोलिस अहवालाला ३० दिवस, अहवालानंतर निर्णयाला ६० दिवस अशी नियमातली मुदत. तुम्ही सहा महिने धरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. वरच्या पातळीच्या नेमबाजांना जास्तीची सूट मिळते.

पिस्तूल दोन लाखांच्या पुढे, पण खरा खर्च काडतुसांचा. एका फैरीला वीस रुपये धरले तरी शंभर फैरींचा सराव दोन हजारांचा. आठवड्यात दोनदा म्हणजे महिन्याला सोळा हजार. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. खेळाडूंना सूट असते, पण स्पर्धेचे आणि संघटनेचे कागद वेळेत दाखवले तरच.

दुकानदार किंवा ओळखीचा ‘स्पर्धेसाठी’ म्हणून सरकारी कारखान्याचं .३२ सुचवेल. ते स्वसंरक्षणाचं हत्यार. नळी आखूड, साईट पक्की बसवलेली, चाप जड. टार्गेटच्या खेळात त्याचा उपयोग नाही. वरणगावचा आयुधनिर्माणी कारखाना जवळ आहे, तिथून काडतुसं स्वस्त मिळतील अशीही एक समजूत पट्ट्यात आहे. तो सैन्यासाठी काम करतो, किरकोळ विक्री करत नाही.

ज्यांना दारातूनच परत पाठवायचं

‘परवाना काढून देतो, दोन लाख द्या’ म्हणणारा. ‘बाहेरच्या राज्यातून परवाना आणून देतो’ म्हणणारा. जम्मू-काश्मीरमधून असे परवाने वाटल्याच्या प्रकरणाचा तपास सीबीआयकडे गेला, आणि अशा तपासात कागद घेणाराही अडकतो. राज्याच्या सीमेपलीकडून गावठी पिस्तूल आणून ‘सरावापुरतं’ देणारा; शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली विनापरवाना अग्निशस्त्राला किमान दोन वर्षं, पाचपर्यंत कैद.

आणखी एक, जास्त सभ्य दिसणारा: पाच हजारांत ‘राष्ट्रीय’ स्पर्धेचं पदक देणारी खासगी संस्था. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खातं करतं, आणि मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा नसेल तर तो कागद बाद होतो. पैसे भरण्याआधी स्पर्धेचं पत्रक घेऊन क्रीडा कार्यालयात जा आणि विचारा.

विक्रेत्याला पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. आयातीला दोन ते चार महिने लागतात. बुकिंगच्या पावतीवर मॉडेल, ग्रिपचं माप, डावा की उजवा हात, देण्याची तारीख आणि उशीर झाल्यास परताव्याची अट लिहून घ्या. पैसे बँकेतून द्या. माल आला नाही किंवा दुसराच आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तरी सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. पावती मात्र तुमच्याकडे हवी.